तेरा केंद्रकं

ती पोरगी पुण्याहून आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने माझं अर्धं टेबल घेतलं. परवानगीचं पत्र वरून आलेलं होतं, त्यामुळे मला विचारण्याचा प्रश्न नव्हता. तिने पांढऱ्या रंगाचं एक कपाटवजा यंत्र आणलं होतं, त्यात शरीराइतकी ऊब राहते. शिवाय काचेची झाकणाची बरणी, मेणबत्त्या, नळ्यांचे ट्रे आणि बटणावर चालणारी एक नवी दुर्बीण. हे सगळं मांडून झाल्यावर माझ्यासाठी एक वीत जागा उरली.

"काकू, तुम्हाला अडचण होत नाही ना?" तिने विचारलं.

"होते," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

बोईसर आणि तारापूरच्या मध्ये एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. लोक आम्हाला 'रक्तवाल्या बाई' म्हणतात. माहेर माझं बार्शीकडचं. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही आलो आणि इथलेच झालो. गेली पंचवीसएक वर्षं मी माणसांच्या बोटाला टोचते, काचेवर रक्ताचा एक जाड ठिपका आणि एक पातळ थर देते, वाळवते, रंगवते आणि दुर्बिणीखाली मलेरियाचा जंतू शोधते. सापडला की कोणत्या जातीचा ते लिहायचं, गोळ्या द्यायच्या, आणि मग तेच सगळं मोबाइलच्या ॲपमध्ये भरायचं. ॲप चालत नाही म्हणून रजिस्टर ठेवायचं, आणि रजिस्टर ठेवलं म्हणून ॲप का भरलं नाही याचा खुलासा द्यायचा. पावसाळ्यात माझ्या दाराशी रांग असते. बोईसरच्या चाळींतून आलेले कामगार हिंदीत विचारतात, "मॅडम, रिपोर्ट कब मिलेगा?" आणि आतल्या पाड्यांवरची माणसं काहीच न विचारता भिंतीला टेकून बसून राहतात. दोन्हींचा मला सारखाच वैताग येतो.

त्यात ही पोरगी. ती डॉक्टरेट करत होती. विषय काय, तर मलेरियाचा जंतू स्वतःची वाढ कशी आवरतो. एका जंतूचे किती व्हायचे, कधी व्हायचे आणि कधी थांबायचं, हे त्याचं तो कसं ठरवतो.

"ते कळून काय करायचंय?" मी विचारलं. "गोळी दिली की मरतो तो."

"सगळेच मरत नाहीत ना, काकू. आणि ताप कशाने येतो? तो तांबड्या पेशीत शिरतो, आत एकाचे पंधरा-वीस होतात, पेशी फोडून सगळे एकदम बाहेर पडतात. तेव्हा थंडी वाजून ताप येतो. विभागणीच झाली नाही तर ताप नाही, पसरणं नाही."

हे मला माहीत होतं. एक दिवसाआड ताप का येतो हे मी पाड्यावरच्या बायकांना हजार वेळा सांगितलेलं होतं. माझ्याच टेबलावर बसून मला कुणी शिकवावं हे काही मला रुचलं नाही.

तिला लागायचं ताजं रक्त, तेही पहिली गोळी पोटात जायच्या आधीचं. आमच्याकडे जास्त सापडतो तो एक दिवसाआड ताप आणणारा जंतू. तो म्हणे प्रयोगशाळेत फार दिवस जगवता येत नाही, म्हणून पेशंट असतील तिथे येऊन बसावं लागतं. पेशंटने हो म्हटलं तर दंडातून थोडं रक्त घ्यायचं, लगेच गोळ्या सुरू करायच्या, आणि ते रक्त धुऊन, पांढऱ्या पेशी गाळून, बरणीत मेणबत्ती पेटवून आतला ऑक्सिजन कमी करून उबेच्या यंत्रात ठेवायचं. मग दर दोन तासांनी एक काच रंगवायची आणि आतली केंद्रकं मोजायची. केंद्रक म्हणजे जंतूच्या आतला तो लालसर ठिपका. दिवसभर ती मोजत बसायची. चार. पाच. सात. चेहऱ्यावर असा आनंद, की कुणी पाळण्यातलं मूल बघतंय.

एके दुपारी रांग ओसरल्यावर मी डबा खात होते. ती दुर्बिणीत बघत स्वतःशीच म्हणाली, "तेरा."

मी घास तसाच ठेवला. "काय तेरा?"

"केंद्रकं. या एका पेशीत तेरा आहेत."

"तेरा नसतात," मी म्हटलं. "सोळा असतील. नीट मोज."

"तेराच आहेत, काकू. बघा ना."

मी हात धुऊन बघितलं. तेराच होती. मी पुन्हा मोजलं. तेराच.

नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला दुर्बिणीचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी परीक्षा. माझ्या काचेवर फुटायला आलेली एक सुरेख पेशी सापडली होती. मी तीनदा मोजून कागदावर लिहिलं, तेरा. आमचे शिक्षक दांडगे होते, आवाज तर खालच्या मजल्यावर जायचा. त्यांनी कागद सगळ्यांसमोर धरला. "एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा! हे तेरा कुठून आणलंत बाई? तिघं काय जत्रेला गेलेत?" वर्ग हसला. मी एकटी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेली, नवी नवरी, बोलण्यात सोलापूरकडचा हेल. त्यांनी लाल पेनाने तेरावर काट मारून सोळा केले आणि माझे गुण कापले. त्यानंतर मी कधीही मोजलं नाही. पेशी दिसली की 'दिसली' एवढंच लिहायचं. आकडा विचारतो कोण?

हे मी तिला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "काकू, तुम्ही बरोबर होतात. आपली साधी पेशी दोन होते तेव्हा पूर्ण दोन होते, दोघी वेगळ्या. हा जंतू तसं करत नाही. बाहेरचं अंग एकच ठेवतो आणि आत केंद्रकं वाढवत जातो. आणि ती एकमेकांसाठी थांबत नाहीत. एक पटकन पुढे जातं, दुसरं मागे रेंगाळतं. म्हणून मध्येच बघितलं तर तीन दिसतात, पाच दिसतात. आणि शेवटीही दुपटीचा हिशेब लागेलच असं नाही. तेरा होतात, अठरा होतात. शेवटच्या वेळी मात्र सगळी एकदम तयार होतात, प्रत्येकाभोवती पडदा येतो आणि पिल्लं सुटी होतात."

"आणि त्यांना एकदम व्हायला सांगतं कोण?"

"थोडं माहीत आहे. काही प्रथिनं खटक्यासारखी काम करतात. एखादा खटका बंद पाडला की केंद्रकाला स्वतःची प्रत काढताच येत नाही. पण कुठलं केंद्रक आधी, कुठलं नंतर, आणि पुरे झालं हे कसं कळतं, ते पूर्ण उलगडलेलं नाही."

तिला वाटलं मला बरं वाटेल. मला संताप आला. इतकी वर्षं! त्या दांडग्या माणसाने काचेत डोळासुद्धा घातला नव्हता. त्याने पाढा म्हटला होता. आणि मी? माझ्या डोळ्यांनी तीनदा मोजलेलं मी एका लाल रेघेसाठी सोडून दिलं. पंचवीस वर्षं ही काच रोज माझ्यासमोर होती. मी मोजत राहिले असते तर हे मला कुणी पुण्याहून येऊन सांगायला लागलं नसतं. ते शिक्षक केव्हाच निवृत्त होऊन गावी गेले, आता हयात आहेत की नाही तेही माहीत नाही. भांडायचं कुणाशी? त्या दिवशी मी उरलेला डबा तसाच घरी नेला आणि नवऱ्यावर ओरडले. त्याला बिचाऱ्याला आपला अपराध काय तेच कळेना.

श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी एक बाई मुलीबरोबर आली. मनोरच्या आतल्या अंगाला तिचा पाडा. मुलगी बोईसरला कारखान्यात पॅकिंगला, चाळीत खोली घेऊन राहणारी. आई तिला भेटायला म्हणून आली आणि तापाने पडली. चाळिशीतली असेल, सडपातळ, अंगावर मुलीची शाल गुंडाळलेली. मी तिला लगेच ओळखलं. वर्षभरात ही तिसरी खेप. काच बघितली, तोच जंतू.

"मागच्या वेळी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. घेतल्यास?"

"घेतल्या."

"चौदा दिवस?"

ती मुलीकडे बघायला लागली. "चार दिस घेतल्या. ताप गेला. मग गोळी कोणाला?"

"उरलेल्या काय केल्यास?"

"शेजारणीला दिल्या. तिला पन ताप होता."

मी डोक्याला हात लावला. रांगेतली सगळी माणसं ऐकत होती, आणि मला ऐकवायचंच होतं. "ताप गेला म्हणजे जंतू गेला असं नाही! काही जंतू काळजात, लिव्हरमध्ये, झोपून राहतात. महिन्या-दोन महिन्यांनी उठतात आणि पुन्हा सुरू. ती चौदा दिवसांची गोळी त्या झोपलेल्यांसाठी असते. किती वेळा सांगायचं?"

"तुमी सांगितलं," ती शांतपणे म्हणाली. "पन दिसत नाय ना ते."

पोरगी तेवढ्यात संमतीचा कागद घेऊन पुढे आली. कागदाचं नाव होतं, 'रक्तपेशी-अंतर्गत परजीवीच्या केंद्रकीय विभाजनाच्या नियमनाचा अभ्यास'. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. बाईने मुलीकडे बघितलं, मुलीने माझ्याकडे.

"याच्यावर आंगठा दिला तर जमीन तर नाय ना जायाची?" बाईने विचारलं.

पोरीला हसू आलं. मी तिच्याकडे असं बघितलं की ते जागच्या जागी विरलं. आमच्याकडे मोजणीवाले येतात, रस्त्याचे येतात, आणखी कशाकशाचे येतात, आणि सगळ्यांकडे कागद असतो. मी खाली बसून सांगितलं, "जमीन नाही जायची. तुझ्या रक्तात जो तापाचा किडा आहे तो एकाचे अनेक कसा होतो, ते ही पोरगी बघणार आहे. थोडं रक्त घेईल. नाही म्हटलंस तरी गोळ्या मिळणारच."

"घेऊ दे," ती म्हणाली. "माज्या काय कामाचा हाय तो?"

रक्त घेतलं, पहिली गोळी माझ्यासमोर गिळायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ये, गोळी इथेच घ्यायची, असं बजावलं. पोरगी खूश होती. जंतू भरपूर होते आणि बहुतेक एकाच वयाचे. तिने हिशेब मांडला की उद्या सकाळपासून दुपारपर्यंत केंद्रकं वाढताना दिसतील, अगदी शेवटपर्यंत.

"उद्या शुक्रवार आहे," मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण बोईसरमध्ये राहून हे कुणाला माहीत नसेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद. दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे शुक्रवार धरून चालतात. दीड महिना राहून या शिकलेल्या पोरीला ते कळलं नव्हतं, कारण आधीचे शुक्रवार यंत्र रिकामं ठेवून ती पुण्याला घरी गेलेली असायची.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास पंखा थांबला. उबेच्या यंत्राचा दिवा गेला. तिने धावत जाऊन त्याची वायर आमच्या इन्व्हर्टरला लावली. इन्व्हर्टर दोनदा ओरडला आणि कायमचा गप्प झाला. त्याच्यात पाणी भरायला हवं म्हणून मी तीन अर्ज केले होते. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं होतं की अर्ज योग्य नमुन्यात नाही.

"किती वेळ जाईल लाइट?"

"दुपार होईल. कधी चार, कधी पाच."

ती मटकन स्टुलावर बसली. डोळे भरून आले. "सगळं गार पडेल, काकू. विभागणी मधेच थांबेल. असं सँपल पुन्हा मिळणार नाही."

मला तिची दया आली असं मी म्हणणार नाही. मला राग आला. तिचा, इन्व्हर्टरचा, त्या नमुन्यातल्या अर्जाचा. आणि राग आला की माझे हात चालायला लागतात. कोपऱ्यात लसींची एक जुनी निळी पेटी पडली होती, कडी तुटलेली, जाड भिंतींची. गार राखते ती पेटी ऊबही राखेलच की. मी फाटकाशी चहावाल्याकडे गेले आणि त्याच्या शेगडीवर पातेलंभर पाणी ठेवायला लावलं. सलाइनच्या रिकाम्या बाटल्या गरम-गार पाणी मिसळून भरल्या. पेटीत बाटल्या, मध्ये तिची बरणी, वरून टॉवेल, आणि तापाचा काचेचा थर्मामीटर दर वेळी झटकून फटीतून आत.

"सदतीसच्या वर जाऊ देऊ नका," ती म्हणाली.

"तू आता मला ताप मोजायला शिकव."

तेवढ्यात सिस्टर आल्या. "लसीच्या पेटीत काय ठेवलंय?"

"मलेरियाचे जंतू."

"अहो!"

"मोडकी पेटी आहे. पुन्हा लसीला वापरायची नाही, मी लिहून ठेवते." सिस्टर कपाळाला आठ्या घालून गेल्या. त्यांना दोष कसा देऊ? ज्या जंतूला मारायला सरकारने मला नेमलंय, त्याला मी टॉवेलात गुंडाळून बसले होते. दर वीस मिनिटांनी फाटकाशी जायचं, गरम पाणी आणायचं, बाटली बदलायची. मध्ये रांगेतल्या माणसांच्या बोटांना टोचायचं. चहावाल्याने तिसऱ्या फेरीला विचारलं, "बाई, कुणाची डिलिव्हरी आहे का?"

मी म्हटलं, "आहे."

दुसरी अडचण म्हणजे तिची दुर्बीण. बटणाची, तीही बंद. माझ्याकडे कपाटावर एक जुनी होती, खाली आरसा लावलेली. ती मोडीत काढायचा प्रस्ताव कित्येक वर्षं कुणाच्या तरी सहीसाठी अडकलाय, म्हणून ती अजून माझ्याकडे. खिडकीत स्टूल ठेवून मी आरसा उजेडाकडे वळवला. श्रावणातला उजेड, आत्ता ऊन, आत्ता ढग. ऊन आलं की मोजायचं, ढग आला की थांबायचं. पोरीला आरशाची सवय नव्हती, तिला नुसता अंधार दिसायचा. शेवटी मी म्हटलं, "सरक," आणि मी बसले.

"पाच," मी सांगितलं. ती लिहू लागली. "सहा. पाच. आठ. सात."

दोन तासांनी दुसरी काच. "नऊ. अकरा. सात. अकरा. बारा."

डोळा भिंगाला लागला की बाकीचं सगळं गेलं. रांग, पाणी, ॲप. एकेका पेशीत ते लालसर ठिपके दाटत चालले होते, कुणी पुढे, कुणी मागे. माझी मान अवघडली तरी उठावंसं वाटेना.

एकच्या सुमारास मागून आवाज आला, "बाय, गोळी." मनोरची बाई एकटीच दारात उभी होती. ताप उतरला होता, आणि आता ही उद्यापासून येणार नाही हे तिच्या उभं राहण्यातच मला दिसत होतं. गोळी दिली. ती गिळली. मग काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "ये इकडे. दिसत नाही म्हणालीस ना? बघ."

तिला एक डोळा मिटता येईना. पोरीने तिच्या डोळ्यावर हात धरला. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग ती भिंगाला आणखी चिकटली.

"ह्या माज्या हायत?"

"त्या फिकट गोल गोल आहेत ना, त्या तुझ्या रक्तातल्या पेशी. मध्ये एक फुगलेली आहे, तिच्यात ठिपके दिसतात?"

"हां."

"तो किडा. काल एक होता."

ती बराच वेळ बघत राहिली. मग डोळा न काढता म्हणाली, "इकडे हाय त्याच्यात कमी हायत. बाजूवाल्याच्यात जास्ती. मंग फुटतात कशी एकाच येळी? ताप तर एकदमच येतो. कोन सांगतो त्यांना?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. दीड महिना माझ्या शेजारी बसून ती मला जे समजावत होती, ते या बाईने उभ्या उभ्या विचारलं होतं.

"तेच शोधतेय मी," पोरगी म्हणाली. "अजून पूर्ण कळलेलं नाही, मावशी."

"मंग शोध," बाई म्हणाली, जशी काही तिला कामच नेमून दिलं. मग माझ्याकडे वळली. "आनि ते झोपतात बोलला ते? ते दाखव."

"ते नाही दिसत. ते लिव्हरमध्ये असतात. तिथवर माझी दुर्बीण जात नाही."

"पन हायत?"

"असतात."

तिने मान हलवली. गोळ्यांची पाकिटं मागून घेतली, पदराच्या टोकाला बांधली. मी पुन्हा सांगितलं, रोज एकदा, काहीतरी खाऊन, लघवी काळी झाली तर गोळी थांबवून धावत ये, आणि शेजारणीला एकही द्यायची नाही. शेजारणीला माझ्याकडे पाठव. पदराची गाठ चाचपत ती गेली.

तीनला बरणीतली शेवटची काच रंगवली. बऱ्याच पेशींत पिल्लं सुटी झालेली होती, एकाच वेळी, नीट कापल्यासारखी. पंधरा, अठरा, चौदा, तेरा. पोरीने सगळं लिहून घेतलं आणि वहीवर माझं नाव घातलं, 'मोजणी' असं पुढे लिहून. मी तिला ओरडले की आधी पेटी धुऊन ठेव, आणि त्या बरणीतलं ब्लीचमध्ये टाकल्याशिवाय इथून हलायचं नाही. लाइट आली तेव्हा सव्वापाच वाजले होते.

बाई मुलीकडे दहा दिवस राहिली. दोनदा येऊन रिकामी पाकिटं दाखवून गेली. त्यानंतरच्या सोमवारी मुलगी आली आणि म्हणाली, "आई गेली. शेतात गवत झालं." मी तिच्या पाड्यावर फिरणाऱ्या आशाताईंना फोन लावला, रेंज नाही. दुसऱ्या दिवशी लावला, रेंज नाही. मला झोप लागेना. चार गोळ्यांसाठी तीन खेपांची मेहनत वाया जाणार, आणि पुढच्या महिन्यात ही पुन्हा शाल गुंडाळून माझ्या दारात. बुधवारी रजा टाकली आणि नवऱ्याला म्हटलं, "मी मनोरला जाऊन येते." तो म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं, "नाही."

पालघरहून एसटीने मनोर. तिथून टमटम, त्यात आम्ही अकरा जण. मग चिखलातून अर्धा तास चालणं, आणि चपलेचा अंगठा तुटला. ती भाताच्या खाचरात वाकून गवत काढत होती. मला बघून सरळ उभी राहिली.

"गोळ्या?" मी तिथूनच ओरडले.

"आज सकाळची घेतली. झाली संपली."

"चौदावी?"

"मोजल्यात मी," ती म्हणाली. जरा रागावलीच होती. "तुमी एवढ्यासाठी आलात?"

एवढ्यासाठीच आले होते. तिने घरी नेऊन रिकामी पाकिटं दाखवली, कुडाच्या भिंतीत एकात एक खोचून ठेवलेली. कोरा चहा दिला, काकडी कापून दिली, तुटलेली चप्पल तारेने बांधून दिली.

"मंग आता सगळे मेले?" तिने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "मेले असतील."

"असतील?"

"आतलं मला दिसत नाही, हे तुला सांगितलंय. पुढचा पावसाळा तापाशिवाय गेला तर मेले असं धरायचं. मधे ताप आला तर मात्र लगेच यायचं."

ती यावर समाधानी दिसली नाही. मीही नव्हते. परत येताना मनोरच्या नाक्यावर एसटी डोळ्यांसमोरून गेली आणि मी महामार्गाच्या कडेला पाऊण तास उभी राहिले.

पोरगी दिवाळीच्या आधी पुण्याला गेली, यंत्रं घेऊन. तिचं अजून संपलेलं नाही. मधूनमधून फोन करते. आधी म्हणायची खटका सापडतोय, मग म्हणायला लागली की तिला वाटला तो हा खटका नव्हेच. मी म्हणते, "अगं, मग दुसरा बघ." शुक्रवार सोडून ये, असंही सांगते.

यंदा श्रावणात भर रांगेच्या वेळी ती बाई पुन्हा आली. मला वाटलं, झालं! माझा चेहरा पडलेला तिने बघितला असणार.

"ताप?" मी विचारलं.

"नाय. वर्सभर नाय आला."

"मग कशाला आलीस?"

"काच बघायला. तुमीच बोललात ना, पुढल्या पावसाचं."

तापाशिवाय काच करायची तर ॲपमध्ये कोणत्या रकान्यात भरायची, हा प्रश्न होता. रांगेत वीस माणसं होती. मी तिला म्हटलं की ताप नाही म्हणजे नाही, जा घरी. ती हलली नाही. बोट पुढे करून उभी राहिली.

मी टोचलं. रंगवलं. शंभर ठिकाणी बघितलं, मग आणखी शंभर. काही नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं.

"मला बघू दे."

"अगं, काही नाही म्हणजे दिसायला काही नाही!"

"तेच बघायचं हाय," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. या खेपेला एक डोळा तिने स्वतःच हाताने झाकला. काच कशी सरकवायची ते विचारलं आणि सरकवत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गवत काढतात तशी ओळीने. मागून एक कामगार ओरडला, "मॅडम, ये लाइन है कि नहीं?" मी त्याला दटावलं. तिला मात्र ऊठ म्हणाले नाही.